रामटेके भाऊंचा तिसरा नियम

रामटेके भाऊ जादू मानत नसत. त्यांच्या घरात कोणाच्या गळ्यात ताईत नव्हता, दारावर लिंबू-मिरची नव्हती, आणि पोराला ताप आला तर सरळ सरकारी दवाखाना. दर रविवारी पांढरा सदरा घालून विहारात जायचे. असं असूनही जादूचे नियम त्यांच्याइतके चोख बांधणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांचा एक नियम मी मोडला. मोडला म्हणजे छापलाच नाही. ते कसं झालं तेच सांगायला बसलोय. माझी बाजू बरी दिसावी म्हणून काही लपवणार नाही, तसं लपवण्यासारखं उरलंही नाही.

ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायचो. राहायला नागभीडला, रोज बसनं येणं-जाणं. भाऊ शेजारच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर होते. कागदोपत्री परिचर. खरं म्हणजे लॅब त्यांचीच होती आणि प्राध्यापक तिथले पाहुणे. उंच माणूस, मानेत थोडा वाकलेला, आणि खिशात कायम बारीक टोकाचा काळा पेन. तो पेन लेबलं लिहायला. "पयले लेबल, मंग झाकन," हे ते दिवसातून दहादा म्हणायचे. अक्षर असं की छापल्यासारखं. त्यांच्या लॅबमध्ये झाडूला लेबल होतं, चहाच्या साखरेच्या डब्यावर 'साखर (खाण्याची)' असं लेबल होतं. एकदा एका नव्या सरांनी कसलंसं द्रावण बाटलीत भरून तसंच ठेवून दिलं. भाऊंनी वाद घातला नाही. त्यांनी बाटलीवर लेबल लावलं, 'सरांनाच माहीत', आणि खाली तारीख टाकली. दुसऱ्या दिवशी सरांनी मुकाट्यानं बाटली नेली.

त्यांची आणखी एक सवय होती, ती कळायला मला वेळ लागला. विचारल्याशिवाय ते कोणाच्या अंगाला हात लावत नसत. एकदा एका पोराच्या हातावर ॲसिड सांडलं. पोरगा बोंबलतोय, आम्ही सगळे गांगरलोय, भाऊ दोन ढांगांत तिथे पोचले. आणि पोचल्यावर म्हणाले, "हात धरू का बेटा?" पोरगा हो म्हणाला तसा त्याला ओढत नळाखाली नेला आणि पंधरा मिनिटं हात पाण्याखाली धरून ठेवला. नंतर मी चिडून विचारलं, "भाऊ, अशा वेळी कोणी परवानगी मागतं का?" ते म्हणाले, "एक सेकंद लागते जी. सेकंदानं का होते?" मी मनात म्हटलं, म्हातारपणाचा विक्षिप्तपणा.

शनिवारी प्रॅक्टिकल आटोपलं की आम्ही पाच-सहा जण त्यांच्या लॅबच्या मागच्या टेबलावर खेळ मांडायचो. माझ्या लॅबमधला पंखा बंद पडलेला, म्हणून त्यांची लॅब. खेळ असा की एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आपण काय करतोय ते तोंडानं सांगायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. नागपूरला शिकताना मी असले परदेशी खेळ खेळलो होतो, आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता की आपल्या भाषेत, आपल्या जंगलाचा एक खेळ करायचा. तळी, मोह, वैनगंगा, वाघ, सगळं जमलं होतं. जादू तेवढी जमत नव्हती. मी ऐंशी मंत्रांची लांबलचक यादी केली होती आणि प्रत्येक मंत्रापुढे त्यानं काय होतं ते लिहिलं होतं.

एका शनिवारी प्रणालीनं विचारलं, "सर, अग्निमंत्रानं ओलं धान वाळवता येईल का?" प्रणाली म्हणजे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, शंका काढण्यात एक नंबर. मी यादी पाहिली आणि म्हटलं, नाही, अग्निमंत्र फक्त शत्रूवर चालतो. सिंकपाशी परीक्षानळ्या धुणारे भाऊ हसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "सर, माचिस असली त तिच्यानं चूल पेटते, बिडी पेटते, धानाचं तनस बी पेटते. माचिसीसंग कोनी यादी देत नाई जी."

बसनं घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. माझ्या ऐंशी मंत्रांचं त्यांनी एका वाक्यात पानिपत केलं होतं. पुढच्या शनिवारी मी यादी फाडून आणली आणि म्हटलं, "आता तुम्हीच सांगा भाऊ."

त्यांनी हात पुसले, परीक्षानळ्यांचे दोन लाकडी स्टँड टेबलावर ठेवले. पहिल्या स्टँडमधल्या नळ्यांवर लेबलं होती: पेटव, थांबव, वाढव, लपव, जोड, बोलाव. दुसऱ्यातल्या नळ्यांवर: पाणी, माती, लाकूड, आवाज, सावली, रक्त. आठवडाभर त्यांनी हेच केलं होतं. खेळणाऱ्यानं एक नळी इकडची घ्यायची, एक तिकडची, आणि दोन्ही मिळून काय करणार ते सांगायचं. 'वाढव' आणि 'आवाज' घेऊन कोणी वाघाला पळवलं. 'लपव' आणि 'सावली' घेऊन कोणी भर दुपारी बाजारातून निसटलं. जादू एकदम मोकळी झाली. तिच्यावर लगाम म्हणून भाऊंनी लाखोळी डाळीचे दाणे आणले. ते दाणे म्हणजे जादू करणाऱ्याचा दम. काम जेवढं मोठं तेवढा दम आधी नळीत टाकायचा, आणि किती ते सगळ्या टेबलानं मिळून ठरवायचं. "पयले दम, मंग काम. दम सरला त मानूस गपकन खाली बसते." हा पहिला नियम. दुसरा असा की जादू जे करेल ते निसर्गात होण्यासारखं असलं पाहिजे. पाणी उताराकडे जाईल, वर चढणार नाही.

हे सगळं ते प्रॅक्टिकलच्या वहीत लिहायचे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. एक निष्कर्ष मला पाठ आहे: 'सर स्वतःच्या पात्राचे फार लाड करतात.' पोरं ते वाचून आठवडाभर मला चिडवत होती, आणि खोटं काहीच नव्हतं.

तिसरा नियम आला तो प्रणालीमुळे. गोष्टीत एक डाकू होता आणि ती त्याच्यासमोर अडकली होती. तिनं 'थांबव' उचललं, 'रक्त' उचललं आणि शांतपणे म्हणाली, "मी त्याचं रक्त थांबवते. मेला." टेबलावर एकच दंगा झाला. कल्पना भारीच होती. भाऊंनी पुढे होऊन नळीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"मानसाले नाई," ते म्हणाले.

"काऊन भाऊ?" प्रणालीनं विचारलं.

"मानसावर जादू चालाची असंन त त्यानं हो म्हनलं पाह्यजे. जखमी मानूस हो म्हनंन, त्याचं रक्त थांबवा. डाकू नाई म्हनंन, त त्याच्या आंगाले हात नाई लावाचा. त्याच्या पायाखालची माती घसरवा, त्याची दोरी तोडा. मानसाले नाई."

पोरं कुरकुरली. मलाही ते पटलं नाही. पण भाऊंनी वहीत लिहिलं: 'नियम तिसरा. ज्याने हो म्हटले नाही त्याच्यावर जादू होत नाही. कधीच होत नाही.' आणि 'कधीच'खाली रेघ मारली. इतर नियमांवर ते हसत-हसत भांडायचे, बदलही करायचे. या नियमावर मात्र चर्चाच नाही.

कारण कळलं ते आरमोरीच्या बस स्टँडवर. एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो, परतीची बस येत नव्हती, आणि भर उन्हात बाकड्यावर बसलो होतो. भाऊंनी समोरच्या रस्त्याकडे बोट केलं. "इथून सा किलोमीटर माहं गाव. पंचेचाळीस साल झाले, गेलो नाई."

आणि मग सांगत गेले. त्यांची आई गावात बाळंतपणं करायची. शेजारच्या घरचं लेकरू तिच्या हातावर झालं आणि तीन महिन्यांत गेलं. मग त्याच घरची म्हैस गेली. मग लोक म्हणाले, हिनंच करणी केली. तिला दिवसभर चावडीसमोर बसवलं. "म्हने, तू काई नाई केलं हे सिद्ध कर. केलेल्या गोष्टीचा पुरावा भेटते जी. न केलेल्याचा कुठून आनाचा? लॅबमंदी बी निघत नाई थो." मग म्हणाले, "केस धरले तिचे. मारलं. कोनी तिले इचारलं नाई. मी सातवीत होतो, खांबापाशी उभा होतो." पोलीस आले म्हणून जीव वाचला. त्याच आठवड्यात ते घराला कुलूप लावून ब्रह्मपुरीला आले, आणि आईनं राईस मिलमध्ये झाडझूड करून दोन पोरं शिकवली.

बस आली. चढता-चढता भाऊ म्हणाले, "हे कागदावर नाई जी, सर."

"नाही भाऊ," मी म्हटलं. शब्द दिला, अगदी सहज.

आता माझी करामत ऐका. पुण्याची एक कंपनी असले खेळ छापते. मी त्यांना नियम पाठवले. त्यांना फार आवडले. एवढी लवचिक जादू मराठीत कोणी केली नाही म्हणाले, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. मग फोनवर म्हणाले, तो तिसरा नियम काढा, त्यानं खेळणाऱ्यांचे हात बांधले जातात. आणि पुस्तकात नमुन्याची एक गोष्ट टाका, तुमच्याकडच्या मातीतली, काहीतरी अंधारी. मी दोन दिवसांत लिहून दिली. काय लिहिलं असेन? गावातली एक सुईण. तिच्या हातावर झालेलं लेकरू दगावतं, म्हैस मरते, गाव पेटतं. खेळणाऱ्यांनी छडा लावायचा. आणि गोष्ट दर वेळी नवी वाटावी म्हणून शेवटी फासा ठेवला: एक ते तीन पडले तर बाई निर्दोष, चार ते सहा पडले तर करणी तिनंच केली.

मी स्वतःला सांगितलं की ही गोष्ट अंधश्रद्धेविरुद्ध आहे. गावाचं नाव घातलं नाही, बाईचं नाव बदललं, मग कुठे शब्द मोडला? असं बरंच काही सांगितलं. माणूस स्वतःचा वकील फार स्वस्तात होतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी रामटेके भाऊंचे आभारही मानले, ठळक अक्षरात.

कॉलेजच्या ग्रंथालयानं वीस प्रती घेतल्या. एक प्रत मी स्वतः भाऊंना दिली. त्यांनी हात धुतले, पुसले आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. त्यांचं वाचणं असंच, छापखान्याचा पत्तासुद्धा सोडायचे नाहीत. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत वाचत होते. चौथ्या दिवशी माझ्याकडे आले. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी विचारलं, "सर, तिसरा नियम छापाचा राह्यला का?"

खरं बोलायला तेव्हा एक सेकंद लागला असता. मी म्हटलं, "हो भाऊ, छापखान्यात राहिला."

त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला नजर वर करवेना. "तरीच," ते म्हणाले. "म्या म्हनलं, सर असं कराचे नाई. थो नियम नाई म्हनून त त्या गोष्टीत फासा टाका लागते. नियम असला त फासा पाह्यजेच कायले? फिकर नोका करू, मी शुद्धिपत्र लावतो."

दुसऱ्या दिवशी लॅबच्या टेबलावर वीस लेबलं वाळत होती. त्यांच्या त्या छापील अक्षरात, प्रत्येकावर तिसरा नियम आणि 'कधीच'खाली रेघ. ग्रंथालयातून वीसच्या वीस प्रती आणून ते एकेक लेबल बत्तिसाव्या पानावर डिंकानं चिकटवत होते. फाशाच्या ओळीवरही एक कोरी पट्टी लावत होते. मी दारातून पाहिलं आणि तास आहे म्हणून निघून गेलो. तास नव्हता.

शनिवारी खेळ बसला. भाऊ राहिलेल्या चार-पाच प्रती घेऊन शेजारीच चिकटवत बसले होते. प्रणालीनं पान उघडलं, लेबल पाहिलं आणि म्हणाली, "हे काय? पण सर, त्या मुलाखतीत तुम्ही तर म्हणाला होता की हा नियम तुम्ही विचार करून वगळला. जादू मोकळी व्हावी म्हणून." पुस्तक आलं तेव्हा इंटरनेटवरच्या एका कार्यक्रमात मी खरोखरच तसं फुशारकीनं बोललो होतो. पोरीचा काही दोष नाही. तिला काय ठाऊक.

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचा हात लेबलावर तसाच होता. मग त्यांनी डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. पोरं गेल्यावर मी म्हटलं, "भाऊ, कंपनीवाले ऐकेनात हो." त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं नाही.

"सर, माह्या नियमात माही माय सुटते," ते म्हणाले. "जिथं करनी होतच नाई, तिथं ती बाई करनच कशी? कोनाले इचाराचं काम नाई, फास्याचं काम नाई. तुमच्या नियमात ती अर्ध्या खेपी दोषी निंगते. पंचेचाळीस सालानं तुमी तिले परत चावडीवर बसवलं जी." आवाज चढला नव्हता. मग म्हणाले, "अन म्या सांगतलं होतं, कागदावर नाई."

मी माफी मागायला हवी होती. मी म्हटलं, "गोष्ट तर काल्पनिक आहे भाऊ." हे वाक्य आठवलं की अजून माझा मलाच राग येतो.

त्यानंतर शनिवारी ते चाव्या टेबलावर ठेवून निघून जायचे. माझ्याशी बोलणं नेहमीसारखं, नमस्कार, चहा, सगळं. फक्त त्यांच्या बोलण्यातलं 'जी' गेलं. चार महिन्यांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात मी मागच्या रांगेत बसलो आणि भाषणाला नाव पुकारलं तेव्हा घसा बसल्याची खूण केली.

शेवटी एकदा धीर करून त्यांच्या घरी गेलो. वाक्य घोकून गेलो होतो. भाऊ अंगणात नळाची तोटी बसवत होते. ओसरीवर खाटेवर एक बारीकशी म्हातारी लसूण सोलत बसलेली. भाऊंची आई अजून जिवंत असेल हे मला कधी सुचलंही नव्हतं. एवढं सगळं लिहिलं, छापलं, आणि एकदाही विचारलं नाही.

"हेच का रे थे सर? खेलवाले?" तिनं विचारलं.

"हो माय," भाऊ म्हणाले.

तिनं मला जवळ बसवलं. निवृत्त झाल्यापासून पोरगा दुपारी तिच्याशी तो खेळ खेळतो म्हणाली. ती दर वेळी 'बोलाव' घेते. कधी पाणी बोलावते, कधी मेलेल्या बहिणीचा आवाज बोलावते. "बहीन हो म्हनते, मंगच येते," ती हसून म्हणाली. मग लसूण बाजूला ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "हा म्हनते का तुमच्या पुस्तकात लिवलं हाये, कोनालेच कोनावर करनी कराले येत नाई म्हनून. खरंच लिवलं हाये का जी?"

भाऊ हातात तोटी धरून उभे होते. माझी घोकलेली माफी घशात होती, आणि ती तोंडातून निघाली असती तर म्हातारीला सगळंच कळलं असतं.

"हो आजी," मी म्हटलं. "लिहिलंय."

"छापून?"

"छापून."

"बरं झालं बाप्पा," ती म्हणाली. "म्या नाई केलं थे मले ठाऊक हाये. पन लिवलेलं असलं म्हनजे मानसाले सांगत बसाचं काम नाई पडत." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

भाऊ मला जीप स्टँडपर्यंत सोडायला आले. नागभीडची जीप भरत आली होती. मी चढताना ते म्हणाले, "खोटं बोलले, बरं केलं सर. आता थे खरं करा."

मी हो म्हटलं. त्यानंतर कंपनीला तीन पत्रं लिहिली. पहिल्या पत्राला उत्तर आलं की बघू. दरम्यान दुसरी आवृत्ती निघाली, कव्हर नवं, आत सगळं तेच, फाशासकट. मी भांडायला हवं होतं, माझं नाव काढून घ्या म्हणायला हवं होतं. पण पुस्तकावर नाव असलं की कॉलेजात जरा मान मिळतो, आणि तासिकावाल्याला मान कुठे मिळतो? एवढंच कारण आहे, याहून मोठं नाही. गेल्या उन्हाळ्यात आजी गेली असं प्रणालीकडून कळलं. मी मातीला गेलो नाही.

म्हणून भाऊंना मी शेवटचं पाहिलं ते जीप स्टँडवरच. जीप निघाली तरी ते घरी वळले नाहीत, चपलेतून एक पाय काढून तो दुसऱ्यावर ठेवून उभे होते, बस यायची असली की माणूस उभा राहतो तसे. मी मागे वळून पाहिलं नाही. ड्रायव्हरच्या आरशात दिसले, म्हणून मला माहीत आहे.